पांढऱ्या लेबलची तबकडी

मंडळी, सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. प्रश्न माझा नाही! तिसऱ्या रांगेत खांबाला टेकून, तोंडावर ओढणी धरून ज्या दोघी हसतायत ना — निकहत आणि पूर्वजा, माझ्याच वर्गातल्या, दहावी ब — त्यांचा आहे. काल मधल्या सुट्टीत पैज लावली त्यांनी. म्हणाल्या, "इरावती, हिंमत असेल तर कीर्तनाला उभी राहिलीस की सुरुवातीलाच हा प्रश्न विचारायचा. विचारलास तर महिनाभर तुझी प्रयोगवही आम्ही लिहू!"

विचारते हं. विश्वस्त मंडळींनी रागवायचं नाही.

देवाला ऐकायला कमी येतं का?

हसलात! पण बघा ना — दोन स्पीकर इथे मंडपात, एक बाहेर कडुनिंबावर, आणि चौथा पार कोपऱ्यावरच्या दूध डेअरीच्या डोक्यावर! त्यात टाळ, त्यात झांज, त्यात जंगमकाकांची पेटी, त्यात मी! आणि दत्तमहाराज कुठे आहेत? हे इथे — सात फुटांवर! सात फुटांवरच्या माणसाशी तुम्ही असं बोलता का? बोललात तर तो उठून जाईल!

झालं. पैज जिंकले. निकहत, वही उद्या आणून देते.

पण मंडळी, गंमत म्हणून विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यात अडकूनच बसला. कमी ऐकू नक्की कुणाला येतं? त्याला — की आपल्याला? एखादं गाणं कानाला वाईट लागलं, तर बिघाड गाण्यात असतो की ऐकणाऱ्यात? आणि हे ठरवायचं कुणी? आजचा आपला विचार एवढाच. माझा पूर्वरंग इथे संपला! लहान झाला म्हणू नका, मीही लहानच आहे.

आता आख्यान. आख्यान म्हटलं की तुम्ही राजे, ऋषी, शाप, वनवास या तयारीनं मांडी घालून बसलेले असता. आज त्यातलं काही नाही. आमच्या कीर्तनाच्या बाईंनी मला एकच अट घातली — "आख्यान कुठलंही घे, पण स्वतः पाहिलेलं सांग." मी पाहिलंय ते एक दुकान. आपल्याच विश्रामबागेतलं. बुरांडेकाकांचं — 'गोलगाणी'!

कुणी कुणी पाहिलंय? हात वर! चार... पाच... अहो, सायकल दुरुस्तीच्या शेजारी, निळी पाटी! तुम्ही रोज त्याच्या दारात स्कूटर लावता आणि आत बघत नाही. इथूनच सुरुवात आहे बघा.

तर या दुकानात काय मिळतं? रेकॉर्ड! तबकड्या! काळ्या, चकचकीत, ताटाएवढ्या. तुम्ही म्हणाल, "अगं, त्या तर कधीच गेल्या! आम्ही भंगारात दिल्या!" दिल्यात ना? मग आता रडा. कारण त्या परत आल्यात! नव्या निघतात — आणि नुसत्या काळ्या नाहीत. लाल, पांढऱ्या, कोकम सरबतासारख्या आरपार दिसणाऱ्या! आणि पन्नास-पन्नास वर्षांपूर्वीचे अल्बम कंपन्या नव्याने काढतात. गाणं जुनं, तबकडी कोरी, कव्हर जाड, आत एक घडीचं पोस्टर!

काकांकडे सगळे खण आहेत. रॉकचा खण — त्यातली माणसं कव्हरवर कधीच हसत नाहीत, दाढदुखी असल्यासारखी उभी असतात. डिस्कोचा खण — त्यांचे नुसते कपडे बघून डोळे दिपतात. जॅझ, रॅप, गझल, कोळीगीतं, जुनी सिनेमाची गाणी, कोरियाची गुलाबी केसांची मुलं... सगळे शेजारी शेजारी उभे! आपल्या कॉलनीत पार्किंगवरून भांडणं होतात, तिथे डिस्को आणि गझल एका फळीवर सुखानं नांदतात. शिका काहीतरी!

आणि मी तिथे काय करते? ऐकते. शनिवारी काका मला एक बाजू ऐकू देतात. अट एकच — तबकडीला मध्ये बोट लावायचं नाही, दोन्ही तळव्यांत कडा धरायच्या, नैवेद्याचं ताट धरल्यासारखी. आधी मऊ ब्रश, मग सुई. हे काका इतक्या भक्तीनं करतात, की मला वाटतं त्यांनी सोवळं नेसायचंच काय ते बाकी आहे!

तर मंडळी, ऐका. दिवाळीच्या सुट्टीतला शनिवार. सकाळचे साडेदहा. मी दुकानात शिरले, तर काकांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला! केस विंचरलेले! खुर्ची पुसून ठेवलेली! मी म्हटलं, "काका, मुलगी बघायला पाहुणे येणार आहेत का?"

"गप ए. एस्तेर सिस्टर यायल्यात."

एस्तेर सिस्टर कोण? एस्तेर सातपुते. सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. या मंडपात निम्म्या लोकांना पहिलं इंजेक्शन त्यांनीच दिलं असेल. सगळी विश्रामबाग त्यांना 'सिस्टर' म्हणते. पण सिस्टर गायच्या, हे किती जणांना माहितीये? ... बघा! एकही हात नाही!

मंडळी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, सन एकोणीसशे ब्याऐंशीत, एस्तेर सातपुतेंनी मुंबईला जाऊन एक अख्खा अल्बम गायला होता. मराठी पॉप! गिटार, काँगोचे उभे ढोल आणि सिस्टर! नाव होतं 'पुलावरचा वारा'. आपल्या आयर्विन पुलावरून सायकल हाणत जाणाऱ्या मुलीची गाणी. निघाला, थोडा खपला आणि कंपनीच बुडाली. सिस्टर परत आल्या, नोकरीला लागल्या, संसार केला. घरात एक तबकडी होती — वाजवायला प्लेअर कधीच नव्हता, नुसती जपून ठेवलेली — ती दोन हजार एकोणीसच्या महापुरात गेली. आणि त्याच्याही आधी, बारा वर्षांपूर्वी, त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. जीव वाचला, पण आवाज गेला. आता बोलतात त्या अशा... कुजबुजल्यासारख्या... घोगऱ्या.

म्हणजे बघा काय झालं! गळ्यात आवाज नाही. तबकडीत होता, ती नदीनं नेली. नातवंडांना सांगतात, "मी गायचे," तर नातवंडं म्हणतात, "हो का आजी?" — तुम्ही मुलांना म्हणता ना, 'तू पायलट होणार? हो का?' — तसलं!

आणि आता पुण्याच्या एका कंपनीला त्या अल्बमची मूळ टेप सापडली! कुठे? एका माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत. त्यांनी ठरवलं, हा अल्बम नव्याने काढायचा. पण छापण्याआधी एक चाचणीची प्रत काढतात. ती गाणाऱ्याला ऐकवायची, आणि त्यानं 'ठीक आहे' म्हणून सही दिली तरच पुढचं छापायचं. सिस्टरांकडे प्लेअर कुठला? म्हणून कंपनीनं ती प्रत बुरांडेकाकांकडे पाठवली. फोनवर सांगितलं, "बारा वाजेपर्यंत कळवा. कारखान्यात आमचा नंबर लागलाय. आज नाही म्हणालात तर दुसऱ्याचा अल्बम लावतील. आणि टेप फार जुनी आहे, पुन्हा पुन्हा वाजवून घेता येणार नाही."

आलं ध्यानात? एक बाई. तिचा एकुलता एक आवाज. आणि दीड तास!

पावणेअकराला सिस्टर आल्या. पांढरी साडी, निळा काठ, हातात पर्स घट्ट धरलेली. खुर्चीत बसल्या, पण पाठ टेकली नाही. रिझल्टच्या दिवशी आपण बसतो ना, तशा. मला म्हणाल्या, "तू कोण गं?"

"मी इरावती कुंभोजकर."

"मुलगा बोलला असं वाटलं क्षणभर," असं म्हणून हसल्या.

आता मंडळी, हा बाण मला नवा नाही. ऐकताय ना माझा आवाज? जाड आहे. फोन उचलला की आत्या विचारते, "कोण, दादा का?" शाळेत प्रार्थनेच्या गटात मी पहिल्या रांगेत उभी असते. का? उंची कमी म्हणून. आणि सहावीपासून मी काय करते? ओठ हलवते! शाळेची पेटी असते काळी पाचला. मी तिथे चढायला गेले की आवाज फाटतो. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, "बाळा, तू नुसते ओठ हलव, छान दिसतेस." चार वर्षं मी छान दिसत होते!

पण असो. तबकडी!

काकांनी पाकीट उघडलं. आतून निघाली काळीभोर, मोठी, जड तबकडी. मधोमध गोल पांढरा कागद. त्यावर काहीही नाही! नाव नाही, गाव नाही, आकडा नाही. चाचणीच्या प्रतीला लेबल छापतच नाहीत. कोरं!

काकांनी ब्रश फिरवला. तळव्यांत कडा धरून ठेवली. सुई टेकवली. खर्र... खर्र... मग गिटार. जरा सुस्त वाटली. मग काँगो — धु...म्म, धु...म्म. हत्ती जेवून उठल्यासारखा. आणि मग, मंडळी, आवाज आला—

बाप्याचा!

जाडजूड, ओढलेला, भूल उतरत असलेल्या माणसासारखा! 'वा...रा... पु...ला...व...र...चा...'! सायकल हाणणारी मुलगी कुठे गेली? इथे तर कुणीतरी पंक्चर झालेली सायकल चढावर ढकलत होतं!

हसताय तुम्ही. मलाही फुटणार होतं. पण मी सिस्टरांकडे पाहिलं.

त्या हसत नव्हत्या. त्यांनी पर्स मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात गळ्यावर नेले. हे इथे, ऑपरेशनच्या खुणेवर.

काका भडकले! "आयला या पुण्याच्या लोकांच्या! टेप सैल पडलीय! न्हाईतर दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज भरलाय!" फोन लावला. "अवो, काय थट्टा लावलीय काय? म्हाताऱ्या बाईला बोलवून घेतलं, आणि ह्यो कोण गडी गायला लावलाय?"

तिकडून तो माणूस म्हणाला, "काका, एक मिनिट, तुम्ही आधी—"

"आधी-बिधी काय न्हाई! चाळीस वर्सं रेकॉर्डी वाजवतोय मी! मला शिकवू नका!" धाडकन फोन बंद!

बघा हं. तिकडचा माणूस काहीतरी सांगत होता. 'तुम्ही आधी' — काय आधी? ऐकलं? नाही! चाळीस वर्षांचा कान आडवा आला. तुमच्या घरात आहे का असा कुणी? ... सगळ्या बायका एकाच दिशेला का बघतायत?

मग काका सिस्टरांना म्हणाले, "सिस्टर, मनाला लावून घिऊ नका. टेप खराब हाय. तुम्ही काय अशा गात नव्हता."

आणि सिस्टर काय म्हणाल्या माहितीये? मी जन्मात विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "बुरांडे, तुम्हाला काय माहीत? तुम्ही कुठे ऐकलं होतं मला?" हात अजून गळ्यावरच होते. "कदाचित अशीच गात असेन. आठवणीत सगळंच गोड असतं. मीच उगाच चाळीस वर्षं लोकांना सांगत फिरले."

मंडळी, तबकडी न निघणं हे दुःख निराळं. पण त्या खुर्चीत बसलेली बाई आता स्वतःच्याच आवाजावरचा विश्वास सोडून देत होती. पुरानं तबकडी नेली, ऑपरेशननं गळा नेला, तरी एक गोष्ट उरली होती — 'मी चांगली गायचे' ही आठवण. आता तीही चालली!

पर्समधून पेन काढलं. कंपनीचा कागद पुढे ओढला. म्हणाल्या, "नको म्हणून लिहून देते. लोकांनी असलं ऐकण्यापेक्षा काहीच ऐकू नये."

घड्याळात सव्वाअकरा.

तबकडी अजून फिरतच होती बरं का! काका इतके चिडलेले, की सुई उचलायचं विसरले होते. दुसरं गाणं सुरू झालं. आणि मी — आता हसू नका — मी गायला लागले.

मुद्दाम नाही! ओठ हलवता हलवता आवाज कधी निघाला, कळलंच नाही. तो जाडजूड आवाज गात होता, आणि माझा जाडजूड आवाज त्याच्या शेजारी जाऊन बसला. कुठे ताण नाही, कुठे फाटला नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या उंचीवर येऊन गात होतं!

काका ओरडले, "ए इरे, तुला काय सुचतंय?"

आणि मी गप्प झाले. पण काका ओरडले म्हणून नाही. माझ्या डोक्यात एकदम घंटा वाजली. मी म्हटलं, थांब! मी आरामात गातेय, म्हणजे ही माझी पट्टी आहे!

आता तुम्हाला कीर्तनातलं एक गुपित सांगते. बुवा उभे राहण्याआधी पेटीवाल्याच्या कानात काहीतरी बोलतात, पाहिलंय? तुम्हाला वाटतं, देवाचं नाव घेतात. नाही! 'पट्टी' सांगतात! म्हणजे माझा 'सा' कुठल्या सुरावर, हे आधी ठरवायचं, मग देवाचं नाव! काळी पाच, पांढरी चार, जी असेल ती. पट्टी चुकली तर कितीही मोठा गवई असू दे, तोंड वेडंवाकडं होतं. आमच्या कीर्तनाच्या बाईंनी पहिल्या दिवशी शिकवलं — कुणाचंही गाणं वाईट म्हणायच्या आधी विचार, पट्टी कुठली?

माझ्या मोबाईलमध्ये तानपुऱ्याचं ॲप आहे. मी ते चालू केलं, तबकडीच्या आवाजाशी जुळवलं. पांढरी चार! जरा केसभर खालीच.

मी सिस्टरांजवळ गेले. त्या 'नको'मधला 'न' लिहून 'को' लिहीत होत्या. म्हटलं, "सिस्टर, एक विचारू? तुमची पट्टी कुठली होती?"

"आता काय करायचंय गं?"

"सांगा ना."

"काळी पाच." पेन थांबलं. "तो गिटारवाला रडायचा. म्हणायचा, बाई, दुसरी कुठलीही घे, या पट्टीत बोटं मोडतात. मी म्हटलं, तुझी बोटं तू सांभाळ, माझा गळा इथेच लागतो."

जंगमकाका, जरा काळी पाच द्या हो... ऐकलीत मंडळी? वर, खणखणीत! आता खाली पांढरी चारला या... ही! केवढी उतरली बघा. वरच्या मजल्यावरची बाई थेट तळघरात!

मग मी विचार करायला लागले. गाणारी दमली, आजारी पडली, तर तिचा आवाज उतरेल. पण गिटारसुद्धा तेवढीच उतरलीय! आणि काँगो? काँगोच्या गळ्याचं काय ऑपरेशन झालं होतं? सगळे एकसाथ, एकाच मापानं, एकाच तळघरात कसे गेले?

म्हटलं, "सिस्टर, पहिलं गाणं किती मिनिटांचं होतं?"

"साडेतीन. तेव्हा त्याहून मोठं रेडिओवाले घेत नव्हते. घड्याळ लावून गायलोय."

आणि मंडळी, इथे ते पहिलं गाणं पावणेपाच मिनिटं चाललं होतं! मी पाहिलं होतं, प्लेअरच्या बरोब्बर वर भिंतीवर घड्याळ आहे. गाणं काय पाण्यात भिजून फुगलं?

मी काकांकडे वळले. "काका, ही किती वेगानं फिरतेय?"

काका माझ्याकडे असे बघायला लागले, जसं मी विचारलं, सूर्य कुठून उगवतो. "मोठी तबकडी तेहतीस, छोटी पंचेचाळीस. एका मिनिटात तेवढे फेरे. चाळीस वर्सं ह्येच हाय. शेंबड्या पोराला म्हाईत हाय."

"पण यावर तर काहीच लिहिलेलं नाही! कोरं आहे!"

"लिवायला कशाला पायजे? मोठी हाय की न्हाई? मग तेहतीस!"

मंडळी, त्या प्लेअरला डाव्या कोपऱ्यात एक छोटासा खटका आहे. एकीकडे तेहतीस, दुसरीकडे पंचेचाळीस. चाळीस वर्षांत काकांनी मोठ्या तबकडीसाठी तो कधी हलवलाच नव्हता. गरजच पडली नव्हती हो! त्यांची चूक अशी नाही. त्यांना सगळं माहीत होतं, तिथेच घोटाळा झाला.

मी म्हटलं, "काका, एकदा हलवून बघू?"

"मोठ्या रेकॉर्डीवर? सुई मोडंल, मोटर जळंल—"

तेवढ्यात खुर्चीतून घोगरा आवाज आला. "बुरांडे. हलवू दे तिला."

नर्सचा आवाज होता तो! तुम्हाला माहितीये ना? 'बाही वर करा' म्हटलं की बाही वरच होते. काका बाजूला झाले. मी सुई पहिल्या गाण्यावर ठेवली. बोट खटक्यावर. आणि —

खट्!

काय सांगू मंडळी! गिटार उभी राहिली! काँगोनं उडी मारली! टुक्कडुक टुक्कडुक — पुलावर सायकल आली! आणि मग तो आवाज... बारीक? नाही नुसता बारीक. धारदार, हसरा, समोरून वारा लागल्यावर डोळे मिटत गाणाऱ्या मुलीचा! तेवीस वर्षांची एस्तेर सातपुते त्या दुकानात येऊन उभी राहिली, डिस्को आणि गझलच्या मध्ये!

सिस्टर हलल्या नाहीत. एक ओळ झाली, दोन झाल्या. मग बोट वर केलं, "इथे... आता श्वास घेईन बघ..." आणि तबकडीतल्या मुलीनं बरोब्बर तिथे श्वास घेतला! हुश्श करून! तो श्वास ऐकला, आणि सिस्टरांनी इतक्या वेळानं, पहिल्यांदा, खुर्चीला पाठ टेकली. डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "गायचे मी, बुरांडे. गायचे!"

काका कोपऱ्यात जॅझच्या खणाकडे तोंड करून उभे. खांदे हलतायत. मी म्हटलं, "काका, रडताय?" म्हणाले, "धूळ हाय."

ज्या दुकानात धुळीच्या कणाला प्रवेश नाही, तिथे!

मग काकांनीच फोन लावला. पुण्याचा माणूस म्हणाला, "अहो, तेच सांगत होतो! आवाज जास्त स्वच्छ यावा म्हणून आम्ही मोठी तबकडी पंचेचाळीसच्या वेगावर काढलीय. 'तुम्ही आधी वेग बघा' एवढं म्हणेपर्यंत तुम्ही फोन ठेवलात!" सिस्टरांनी कागदावरचं 'नको' खोडलं, खाली लिहिलं 'ठीक आहे', सही केली, फोटो काढून पाठवला. घड्याळात अकरा वाजून पन्नास मिनिटं! सुटलो! मी तर जमिनीवरच बसले.

'पुलावरचा वारा' मागच्या आठवड्यात दुकानात आलाय, मंडळी. आणि लेबलवर बघा, काकांनी कंपनीला चार वेळा फोन करून, नावापेक्षा मोठ्या अक्षरात काय छापून घेतलंय — पंचेचाळीस!

निघताना सिस्टरांनी मला जवळ बोलावलं. "मघाशी त्या बाप्याबरोबर कोण गात होतं?"

मी मान खाली घातली. "मी."

"मग मान खाली का? तो बाप्या बाप्या नव्हता, मलाच खाली ओढलं होतं. मी माझ्या जागेवरून खाली आले, म्हणून बेसूर वाटले. तुला कुठे ओढतात?"

"वर. काळी पाचला."

"मग तू आहेस तिथेच गा. तुझा आवाज जाड नाही, पोरी. तुझी पट्टी तुला कुणी विचारलीच नाही."

मंडळी, म्हणून आज मी पेटीवर पहिल्यांदा पांढरी चार मागितली. जंगमकाका म्हणाले, "अगं, मुलींची पट्टी नाही ही." मी म्हटलं, "काका, माझी आहे!" आणि बघा, मघापासून मी गातेय, बोलतेय, ओरडतेय — कुठे फाटला आवाज? फाटला का?

तर प्रश्न होता, ऐकायला कमी कुणाला येतं? देवाला नाही हो! तो सात फुटांवर बसून प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या वेगानं ऐकतो. खटका अडकलाय तो आपला! सून कमी बोलते, लगेच म्हणता, शिष्ट आहे. पोरगा गणितात मागे, लगेच म्हणता, ढ आहे. शेजाऱ्याची पोरं कानाला ते डबे लावून रॅप ऐकतात, तुम्ही म्हणता, हे काय गाणं आहे? अहो, एकदा तरी नीट ऐकलंत? तबकडी बिघडली म्हणून फेकण्याआधी खटक्याकडे बघितलंत? घरी गेलात की एका माणसासाठी, फक्त एका, तो खटका हलवून बघा. मोटर जळत नाही. मी करून पाहिलंय!

सिस्टर आज आल्या नाहीत. चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांची तालीम घेतायत. स्वतः गात नाहीत, पण कुणी सुराला हलला की टेबलावर पेन आपटतात. सगळी मुलं थरथरतात म्हणे!

आता शेवटचं. हात जोडा, डोळे मिटा — नाही, आई, बाबा, तुम्ही दोघं उघडे ठेवा. डावीकडे, दुसरी रांग. तुमच्याशी बोलायचंय, आणि सगळ्यांसमोर बोलतेय, म्हणजे तुम्हाला ओरडता येणार नाही.

आई, तू मिरजेच्या त्या डॉक्टरांकडे गुरुवारची वेळ घेतलीयेस, त्यांनी मला आवाज बारीक करण्याचे व्यायाम शिकवावेत म्हणून. मला कळलंय. तू प्रेमानंच घेतलीस, हेही कळलंय. लोक हसतात त्याचं मला जेवढं लागतं, त्याहून तुला जास्त लागतं. पण आई, मला काहीही झालेलं नाही. बाबा, तुम्हीही ऐका. मी गुरुवारी डॉक्टरांकडे येणार नाही. त्या दिवसापासून दर गुरुवारी, साडेपाच वाजता, मी एस्तेर सिस्टरांकडे गाणं शिकायला जाणार आहे — माझ्याच आवाजात.